मालाच्या डब्यात माणूस

उरणच्या बाजूला एका शिक्षक-शिबिरात चहाच्या वेळी एका सरांनी आम्हाला विचारले, "आमच्या गावाबाहेर जुन्या कंटेनरांच्या थप्प्या लागलेल्या असतात. त्यातला एखादा मिळवून दोन शिक्षकांच्या राहण्याची सोय करता येईल का? स्वस्तात होईल ना?" न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्या भागातल्या मुलांना हे लोखंडी डबे अगदी परिचयाचे आहेत. त्या दिवशी आम्ही "हो, होईल की" असे म्हणून मोकळे झालो. ते उत्तर घाईचे होते.

डब्याचा इतिहास फार जुना नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पुढे डब्यांची मापे जगभर एकसारखी झाली. वीस फुटी डबा ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. रिकाम्याचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. चीनमधून अमेरिकेला भरून जाणारे डबे परतीच्या वाटेवर तितके भरत नाहीत, म्हणून ते आयात करणाऱ्या देशांत साचतात. शिवाय दहा-पंधरा वर्षे समुद्रावर काढली की डबा सेवेतून बाद होतो. मग त्यात माणसे का राहू नयेत? फिलिप क्लार्क यांनी १९८७ साली अमेरिकेत डब्यांपासून राहण्याजोगी इमारत बांधण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९८९ मध्ये ते त्यांना मिळाले.

डबा मजबूत असतो यात शंका नाही, पण तो कुठे मजबूत असतो हे पाहायला हवे. दारावरच्या धातूच्या पाटीवर त्याच्यावर किती भार रचता येईल ते कोरलेले असते. पुष्कळ डब्यांवर हा आकडा १,९२,००० किलो असतो, म्हणजे प्रत्येकी २४ टनांचे आठ डबे. हा सगळा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांवरून खाली जातो. छताच्या मध्यभागी तो पेलण्याची ताकद नसते, कारण छताचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. बाजूची भिंतही तेवढीच पातळ, पण तिला पन्हळी असतात. कोरा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर मधोमध वाकतो आणि घड्या घातल्या की पेन्सिल पेलतो, तसेच हे. ही पन्हळी भिंत डब्याला तिरपा होऊ देत नाही. म्हणून मोठी खिडकी किंवा दोन डब्यांमधले दार यांसाठी ती कापली की भोकाभोवती पोलादी चौकट जोडून द्यावी लागते. स्वस्त घराचा पहिला जादा खर्च हा.

दुसरा प्रश्न उन्हाचा, आणि आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. स्वच्छ दुपारी आडव्या छतावर दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट ऊर्जा पडते. वीस फुटी डब्याचे छत पावणेपंधरा चौरस मीटर भरते. म्हणजे डोक्यावर एकेक किलोवॉटच्या चौदा-पंधरा इस्त्र्या. छत गडद रंगाचे असेल तर यातली बहुतेक उष्णता शोषली जाते. पांढरा रंग दिला तर बरीचशी परत जाते.

शोषलेल्या उष्णतेला आत यायला किती अडथळा होतो हे विद्यार्थ्यांना सहज काढता येईल. जाडीला पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागले की उष्णतारोध मिळतो. मीटर, वॉट, केल्विन या एककांत पोलादाची वाहकता सुमारे ५०, विटेची ०.८ आणि काचलोकरीची ०.०४ धरू. मग दोन मिलिमीटर पत्र्याचा रोध ०.००००४, २३ सेंटिमीटर विटेच्या भिंतीचा ०.२९ आणि पाच सेंटिमीटर काचलोकरीचा १.२५ येतो. भिंतीच्या दोन्ही अंगांना चिकटलेले हवेचे थर मिळून आणखी सुमारे ०.१७ रोध देतात. म्हणजे नुसत्या पत्र्याच्या घरात जो काही अडथळा असतो तो हवेचा. पोलाद तिथे असून नसल्यासारखे. तेवढ्याच तापमानफरकाला विटेची भिंत पत्र्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक उष्णता आत सोडते, तर काचलोकरीचे अस्तर लावलेला पत्रा आठवा हिस्सा. शिवाय वीट तापायलाच वेळ घेते. दुपारचे ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि खिडक्या उघडता येतात.

अस्तर आतून लावले तर जागा जाते. डब्याची आतली रुंदी मुळात २.३५ मीटर. दोन्हीकडून अस्तर आणि फळ्या आल्या की ती २.२ मीटरच्या आसपास उरते. अस्तराला फट राहिली तर पावसाळ्यात घरातली दमट हवा थंड पत्र्याला लागून आतल्या आत घाम धरते आणि गंज लागतो. डब्याचे पोलाद हवेत स्वतःवर संरक्षक थर धरणाऱ्या जातीचे असते हे खरे. पण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तो थर नीट टिकत नाही, रंग द्यावाच लागतो. आमच्या मते आपल्याकडे उत्तम उपाय म्हणजे डब्यावर हातभर अंतर सोडून दुसरे छप्पर घालणे. दोन्हींमधून वारा वाहिला की इस्त्र्यांचा ताप वरच्या वरच जातो.

जमिनीकडेही पाहा. डब्याची तळफळी प्लायवुडची असते आणि तिला कीटकनाशक पाजलेले असते, कारण लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये. आधी डब्यातून काय वाहून नेले हेही नेहमी कळत नाही. मूल जिथे रांगणार ती फळी बदललेली बरी.

मग जगात जी डबाघरे यशस्वी झाली ती कशी? ॲम्स्टरडॅममध्ये २००५-०६ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी कीटवोनन ही सुमारे हजार डब्यांची वसाहत उभी राहिली. मात्र ते डबे जुने नव्हते. घर म्हणूनच ते चीनमध्ये नवे बनवले होते. जहाजाची फक्त मापे घेतली होती. जागा काही वर्षांपुरतीच मिळाली होती, म्हणून उचलून नेता येईल असे घर हवे होते. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर ओनागावा गावी सपाट जमीन फार थोडी होती. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी तिथे डबे बुद्धिबळाच्या पटासारखे, एक सोडून एक, तीन मजल्यांपर्यंत रचले आणि सुमारे १९० कुटुंबांची तात्पुरती सोय केली. डब्यात झोपण्याची खोली आणि न्हाणीघर. बसण्याची ऐसपैस जागा दोन डब्यांमधल्या मोकळ्या चौकोनात. अरुंद डब्याचा प्रश्न त्यांनी डब्याबाहेर सोडवला.

या दोन्ही ठिकाणी घाई होती किंवा जागा तात्पुरती होती, तिथे डबा कामी आला. किमतीत मात्र कवच हा घराचा एक भागच असतो. जागा, पाया, नळ, मैलापाण्याची सोय, वायरिंग, अस्तर यांचा खर्च डब्यालाही चुकत नाही. घरच धातूचे असल्याने अर्थिंगमध्ये हयगय चालत नाही. क्रेन आणि ट्रेलर तुमच्या गल्लीत वळेल का, हेही आधी पाहावे. आणि डब्याचा भाव आपल्या हातात नसतो. २०२१ मध्ये जगभर डब्यांचा तुटवडा झाला तेव्हा तो झपाट्याने चढला होता.

तेव्हा सर, शाळेची जागा कायमची असेल आणि घाई नसेल, तर विटेचे घर बांधा. जागा चार-पाच वर्षांपुरती असेल तर डबा घ्या, पण त्याच्या किमतीइतकीच रक्कम छप्पर आणि अस्तरासाठी बाजूला ठेवूनच. ठरवण्याआधी वर्गाकडून एक प्रयोग करून घ्या. तेलाचे तीन सारखे रिकामे डबे धुऊन उन्हात ठेवा. एक तसाच, एक पांढरा रंगवलेला, एकावर चार विटांच्या आधाराने वीतभर उंच पुठ्ठ्याचे छप्पर. प्रत्येकात तापमापक सोडा आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. एप्रिलमधला दिवस निवडा. शिक्षक राहायला येतील तेव्हा त्यांना मे महिनाही काढायचा आहे.