बांधकामावरील स्त्रिया आणि संरक्षक साधनांचे माप

शेवटची फळी

हेल्मेट, हातमोजे, बूट, मुखपट्टी, चष्मा, हार्नेस या सगळ्यांना मिळून व्यक्तिगत संरक्षक साधने म्हणतात. सुरक्षाशास्त्रात त्यांचा क्रमांक शेवटचा आहे. आधी धोका मुळातूनच काढून टाकायचा. ते जमत नसेल तर कठडा, जाळी, आच्छादन लावून तो माणसापासून दूर ठेवायचा. मग कामाची पद्धत बदलायची. आणि एवढे करूनही जो धोका उरतो त्याच्यासाठी अंगावरचे साधन. या साधनाच्या मागे आणखी कोणताही आडोसा नसतो. त्यामुळे ते अंगाला नीट बसते की नाही, हा सोयीपेक्षा संरक्षणाचा प्रश्न ठरतो. साधनावरचा मानकाचा शिक्का प्रयोगशाळेतील ठरावीक साच्यावर, ठरावीक वजनावर झालेल्या चाचणीची हमी देतो. प्रत्यक्ष शरीर त्या साच्याहून जितके वेगळे, तितकी ती हमी पातळ होत जाते. बांधकामावरच्या बहुसंख्य स्त्रिया या पातळ झालेल्या हमीखाली काम करतात.

मापे कोणाची

कोणतेही साधन घडवताना शरीरमापनाची कोष्टके वापरतात. सैन्यात हजारो माणसे एका जागी मोजायला मिळतात, म्हणून जुनी कोष्टके बहुधा लष्करी आहेत आणि त्यांत पुरुषांचा भरणा आहे. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात मुखपट्ट्यांसाठी चेहऱ्यांच्या मापांचा जो तक्ता केला, तो हवाई दलाच्या १९६७-६८ मधील मोजणीवर आधारलेला होता. प्रत्यक्ष मुखपट्टी वापरणाऱ्या सुमारे ४,००० स्त्री-पुरुष कामगारांची मोजणी अमेरिकेत २००३ साली झाली आणि तिच्या आधारे नवा तक्ता आला. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापनावरील पुस्तक प्रसिद्ध केले. अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांना ते परिचित आहे, साधने खरेदी करणाऱ्यांना क्वचितच.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. पुरुषाचे माप सर्व बाजूंनी सारखे लहान केले की स्त्रीचे माप मिळते, असे मानले जाते. तसे होत नाही. पाऊल तेवढ्याच लांबीचे असले तरी स्त्रीची टाच सरासरीने अरुंद असते, तळहात कमी रुंद असतो, खांदे व कंबर यांचे प्रमाण निराळे असते. पुरुषी नमुन्याचे ‘स्मॉल’ म्हणून जे मिळते ते त्यामुळे एका ठिकाणी सैल आणि दुसऱ्या ठिकाणी घट्ट होते.

हेल्मेट

हेल्मेटचे काम कवच आणि आतील पट्ट्यांची जाळी मिळून करतात. कवच आणि टाळू यांमध्ये सुमारे तीन सेंटीमीटर पोकळी राहते. वरून वीट पडली की जाळी ताणली जाते आणि आघात डोक्यावर पसरत, उशिरा पोहोचतो. ‘ईएन ३९७’ या युरोपीय मानकानुसार पाच किलोचे वजन एक मीटर उंचीवरून सोडल्यावर डोक्याच्या साच्यापर्यंत पाच किलोन्यूटनपेक्षा अधिक बल पोहोचता कामा नये. ही पोकळी कपाळावरचा पट्टा आणि कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली बसणारा पट्टा यांच्या आधाराने टिकते. अंबाडा मागे उंच बांधलेला असेल तर मागचा पट्टा जागेवर बसत नाही आणि हेल्मेट पुढे कलते. डोक्यावरून पदर किंवा रुमाल घेतलेला असला तर पट्टा कापडावरून सरकतो. वाकून विटा उचलताना असे हेल्मेट हमखास पडते, मग ते बाजूच्या ढिगावर ठेवले जाते. केसांची वेणी किंवा मानेलगत सैल अंबाडा, मागे फिरवून आवळायचा खटका आणि हनुवटीखालचा पट्टा या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तर बहुतेक अडचण सुटते. तिन्ही स्वस्त आहेत. तरी साध्या हेल्मेटबरोबर हनुवटीचा पट्टा पुष्कळदा येतच नाही.

चुंबळ आणि घमेले

पट्ट्याने मात्र सुटत नाही अशी एक अडचण भारतात आहे. येथील बांधकामावर स्त्रिया मुख्यतः बिगारी काम करतात: वाळू, खडी, माल, विटा डोक्यावरून वाहून नेणे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले. गोलसर, गुळगुळीत कवचावर चुंबळ ठरत नाही. आणि ठरली तरी आतील जाळी सततचा भार पेलण्यासाठी केलेली नसते, त्या भाराने पोकळीच संपते. म्हणजे ज्या कामगाराला वरून काही पडण्याचा धोका आहे तिच्या डोक्याची जागा कामानेच आधी व्यापलेली असते. येथे मोठे-लहान हेल्मेट शोधणे व्यर्थ आहे. उत्तर क्रमाच्या वरच्या पायरीवर आहे: माल उचलायला हॉइस्ट, सपाटीवर ढकलगाडी, काँक्रीट पंपाने वर चढवणे. मोठ्या प्रकल्पांवर हे झाले आहे. मात्र यंत्र आले की ते चालवायला पुरुष नेमला जातो आणि बिगारी स्त्रीचे काम कमी होते, हा त्याचा दुसरा परिणामही नोंदवायला हवा.

श्वसन-मुखपट्टी

काँक्रीट कापणे, ग्रॅनाइट व फरशी घासणे, कोरडे झाडणे यांतून स्फटिकी सिलिकाची धूळ उडते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. झाडणे हे काम जवळजवळ नेहमी स्त्रियांकडे असते. गाळणाऱ्या मुखपट्टीचे कापड कितीही चांगले असले तरी श्वास कमी अडथळ्याची वाट धरतो. नाकाजवळ किंवा हनुवटीखाली फट असेल तर हवा गाळणीतून न जाता फटीतून जाते. अरुंद, आखूड चेहऱ्यावर मोठी मुखपट्टी नेमकी याच दोन ठिकाणी उघडी पडते. फट आहे का हे तपासण्याची साधी रीत आहे: डोक्यावर पारदर्शक टोपडे घालून आत सॅकरिनचा किंवा एखाद्या कडू द्रावणाचा फवारा सोडतात, चव लागली तर मुखपट्टी बसलेली नाही. ओढणी किंवा टॉवेल तोंडाला बांधल्याने ढोबळ धूळ अडते, घातक धूळ अडत नाही.

हातमोजे

हातमोज्यांच्या युरोपीय मापनपद्धतीत सात नंबर म्हणजे तळहाताचा घेर १७८ मिलिमीटर आणि लांबी १७१ मिलिमीटर. नऊ नंबर म्हणजे २२९ आणि १९२. सात नंबरच्या हातात नऊचा मोजा गेला तर घेरात पाच सेंटीमीटर सैलपणा राहतो. विटेची पकड सुटते, बोटांची रिकामी टोके मिक्सरच्या किंवा दोराच्या फिरत्या भागात अडकतात. अधिक गंभीर बाब सिमेंटची आहे. ओला सिमेंटचा माल तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू १२ ते १३ च्या आसपास जातो. सैल मनगटातून तो मोज्यात शिरला की तेथेच साचून कातडी जाळत राहतो. अशा वेळी मोजा घालण्यापेक्षा न घालणे कमी वाईट, कारण उघडा हात निदान धुतला जातो. सिमेंटमधील षट्संयुजी क्रोमियममुळे होणारा त्वचादाह वेगळाच. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील त्याच्या विद्राव्य अंशावर दशलक्षात दोन भाग अशी मर्यादा घातली आहे. मनगटात बांगड्या असतील तर मोज्याचे तोंड बंद होत नाही. बांगड्या कोपराकडे सरकवून वर कापडी पट्टी बांधायची युक्ती काही स्त्रियांनी स्वतःच काढली आहे.

बूट

सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीने २०० जूल ऊर्जेचा आघात सोसावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. टोपी वाकत नाही, त्यामुळे तिच्या मागे बूट कोठे वाकतो याला महत्त्व येते. पाऊल चवड्यापाशी वाकते. बूट मोठा असेल तर पायाचा आणि बुटाचा वाकण्याचा बिंदू एका जागी येत नाही. टाच वर सरकते, बोटे पुढे घसरून टोपीवर आपटतात. बाजारात साठा असतो तो पुरुषांच्या सहा-सातपासून दहापर्यंतच्या नंबरांचा, आणि चार-पाच नंबरचा पाय असलेली स्त्री पुढे चिंध्या कोंबून चालते. परांचीच्या फळीवर किंवा शिडीवर असे चालणे म्हणजे ठेच लागण्याची तयारीच. जोडव्यांचा विचार तर कोणत्याच मानकात नाही: टोपीखालच्या बंदिस्त जागेत त्या धातूच्या कड्या शेजारच्या बोटात रुततात. स्त्रिया बूट का घालत नाहीत, याचे उत्तर बेफिकिरीत शोधले जाते. ते बहुधा बुटाच्या आत असते.

हार्नेस

उंचीवरच्या कामात सर्वांत अचूक बसावे लागणारे साधन हार्नेस. खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती पट्टे जातात. पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मधोमध एक धातूची कडी असते आणि तिला दोर अडकवतात. पडणाऱ्या शरीराला दोर झटक्याने थांबवतो तेव्हा ते बल मांड्या आणि श्रोणी यांनी झेलावे, पोट आणि मान यांनी नव्हे, अशी ही रचना आहे. पट्टे सैल असले तर पडताना कडी वर डोक्याच्या मागे सरकते, छातीचा पट्टा गळ्याशी येतो. तो छातीच्या फार खाली बांधला तर खांद्याचे पट्टे बाजूला निसटतात आणि उलटे लटकलेले शरीर बाहेर पडू शकते. वक्षामुळे छातीचा पट्टा योग्य जागी न ठरणे ही स्त्रियांची नेहमीची तक्रार आहे. स्त्रियांसाठीच्या नमुन्यांत खांद्याचे पट्टे वळवून आणि छातीची जोड हलवून ती दूर केलेली असते. मांडीचा पट्टा योग्य आवळला की सपाट हात आत जातो, मूठ जात नाही.

वजनाचा मुद्दा अनेकदा राहून जातो. दोरातील आघातशोषक शिवणी उसवून झटका लांबवतो. युरोपीय मानकानुसार त्याची चाचणी १०० किलो वस्तुमानाने होते आणि बल सहा किलोन्यूटनच्या आत राहावे लागते, म्हणजे सुमारे ६०० किलो वजनाइतका ओढा. पन्नास किलोच्या शरीरावर शोषकाचे तेवढेच बल आले तर शरीराच्या वाट्याला येणारा मंदनाचा झटका दुपटीहून अधिक होतो. म्हणून उत्पादक शोषकावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन छापतात. मुकादमाच्या नजरेला पट्टा दिसतो, ती छोटी चिठ्ठी दिसत नाही.

आणि मग साडी. पाचवारी साडीवरून मांडीचे पट्टे घालताच येत नाहीत. घातले तर निऱ्या वर गोळा होतात आणि पट्टा कापडाच्या गठ्ठ्यावर बसतो. काष्ट्याची साडी त्या मानाने बरी, पण तीही जाड पडते. सलवार किंवा पँट हेच खरे उत्तर आहे. महाराष्ट्रातील बांधकामांवर स्त्रिया साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा घालतात, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. ऊन, सिमेंट आणि पदर सांभाळणे या तिन्हींवर त्यांनी स्वखर्चाने काढलेला तो तोडगा आहे. पोशाख बदलत नाही म्हणणाऱ्यांनी हा सदरा लक्षात घ्यायला हरकत नाही.

कायदा

साधन वापरणाऱ्याला ते नीट बसले पाहिजे, अशी अट युरोपीय समुदायाने १९८९ च्या निर्देशात घातली. ब्रिटनने ती १९९२ च्या नियमांत आणली. अमेरिकेत बांधकाम-सुरक्षेच्या सल्लागार समितीने स्त्रियांच्या मापाची साधने देण्याची शिफारस १९९९ साली केली होती. बांधकामासाठी तशी स्पष्ट अट घालणारा नियम डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. इतर उद्योगांना ती तेथे आधीपासूनच होती. भारतात १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आणि त्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम हा मूळ आधार; हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. १९९८ च्या नियमांत एक लक्षणीय विसंगती आहे. वजन उचलण्याच्या बाबतीत प्रौढ पुरुषाला ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीला ३० किलो अशी निरनिराळी मर्यादा आहे, म्हणजे शरीरे निराळी असतात हे नियमकर्त्यांना मान्य होते. हेल्मेटच्या बाबतीत मात्र भर राष्ट्रीय मानकानुसार चाचणी झालेल्या प्रकारावर आहे.

खरेदी

माप चुकते ते बहुधा मागणीपत्रकात. ठेकेदार साधने घाऊक घेतो; एकाच मापाचे शंभर नग स्वस्त पडतात आणि साठ्याची नोंदही सोपी होते. त्यात नाक्यावरून रोजंदारीवर आलेली कामगार उद्या त्याच जागी असेल याची खात्री नसते, म्हणून तिच्या मापाचा बूट आधीपासून मागवला जात नाही. महाराष्ट्रातील बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देते. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला ही नोंदणीची अट आहे, आणि जोडीने मजुरी करणाऱ्या कुटुंबात तो दाखला नवऱ्याच्या नावाने आधी निघतो. नोंदणीच्या वेळीच बुटाचा नंबर आणि हाताचा घेर लिहून घेतला, तर प्रत्येक मापाचे किती नग लागतील हे ठेकेदाराआधी मंडळालाच कळेल.

मर्यादा

नीट बसणाऱ्या साधनालाही मर्यादा आहेत. हार्नेस किंवा एकसंध डांगरी घातलेल्या स्त्रीला लघवीला जाण्यासाठी सगळे उतरवावे लागते, आणि स्वच्छतागृह दूर किंवा नसलेलेच असते. परिणामी ती पाणी कमी पिते आणि मे महिन्यात उष्माघाताचा धोका ओढवून घेते. वरचा व खालचा भाग सुटा असलेला पोशाख हा त्यावर अर्धा उपाय. उरलेला अर्धा स्वच्छतागृह. गरोदरपणात पोटाचा आकार बदलत जातो आणि हार्नेसचा झटका गर्भालाही बसतो, त्यामुळे त्या काळात उंचीवरचे काम देऊ नये हेच योग्य. पण जमिनीवरचे हलके काम त्याच मजुरीवर मिळत नसेल तर गरोदर असल्याचे लपवले जाते, आणि मुकादमाला ते कळते तेव्हा अनेक महिने उलटलेले असतात.