चोरीचा माल, धन्याचा भुर्दंड

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार म्हणजे आमच्या पूर्व जुन्नरचे कॅलेंडरच. लग्नाची बोलणी, उसनवारीचे वायदे, कोर्टाच्या तारखा, सारे 'बाजाराच्या अलीकडे' किंवा 'बाजाराच्या पलीकडे' असे ठरते. मी शाळकरी असताना आमची एक कालवड या बाजारातून परतताना चुकली. चार दिवस शोधाशोध झाली. आठव्या दिवशी निरोप आला की आणे पठारावरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती बांधलेली आहे. आमचे अण्णा मला घेऊन गेले. चहापाणी झाले, आणि मग अण्णांनी विचारले, "वैरणीचं काय झालं?" त्या गृहस्थांनी कडब्याच्या पेंढ्या मोजून सांगितल्या. अण्णांनी त्या दिवशीच्या बाजारभावाने पैसे दिले, वर टॉवेल-टोपी दिली, आणि कालवड घेऊन आम्ही दिवेलागणीला घरी आलो. घासाघीस नाही, रुसवाफुगवा नाही. आपली वस्तू परत घेताना पैसे मोजावे लागले, तरी लुबाडले गेल्याची भावना कोणाच्या मनाला शिवली नाही.

ही आठवण इतक्या वर्षांनी वर येण्याचे कारण एक बंदूक.

अण्णा फौजेतून निवृत्त झालेले. आमची वस्ती गावापासून लांब, हाकेच्या अंतरावर दुसरे घर नाही. म्हणून त्यांनी स्वसंरक्षणासाठी परवाना काढून बारा बोअरची एकनळी बंदूक घेतली होती. तिने कधी कोणाचा जीव घेतल्याचे मला आठवत नाही. दर रविवारी मात्र ती खाटेवर पसरलेल्या धोतरावर यायची, नळीतून गज फिरायचा, तेलाचा वास घरभर पसरायचा. आईची तक्रार असे की माझ्या सांध्यांना तेल लावायला या माणसाला वेळ नाही. (आजकाल लोक विचारतात, बंदूक आहे म्हणजे बिबट्याची भीती नाही! त्यांना सांगावे लागते की बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवाना बंदुकीचा असतो, बिबट्या मारण्याचा नव्हे.)

२००९ च्या दिवाळीत आम्ही सारे पाहुण्यांकडे गेलेलो असताना वस्तीवर चोरी झाली. आईचे चांदीचे दागिने, तांब्याचा बंब आणि पेटीचे कुलूप तोडून बंदूक. अण्णांनी त्याच रात्री पोलिसांत फिर्याद दिली. बंदुकीच्या बाबतीत उशीर परवडत नाही. तिच्या हातून उद्या काही घडले तर पहिला प्रश्न परवानाधारकालाच विचारला जातो. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात टोळी सापडली, आणि मुद्देमालात आमची बंदूकही निघाली. नळीवरचा नंबर जुळला. अण्णांनी पेढे वाटले. इतक्या लवकर वाटायला नको होते.

आईची चांदी काही महिन्यांत सुपूर्तनाम्यावर घरी आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात बजावले आहे की, जप्त माल ठाण्यात वर्षानुवर्षे कुजवू नये. पंचनामा करावा, छायाचित्रे काढावीत, बंधपत्र घ्यावे आणि वस्तू धन्याला द्यावी. पंधरा दिवस, फार तर महिना, यापलीकडे ती ठाण्यात राहण्याचे कारण नाही. त्या निकालात दागिने, रोकड, वाहने यांचा सविस्तर विचार आहे. बंदुकीचे तसे नाही. ती प्रयोगशाळेत तपासायला जाते, साक्षीत दाखवावी लागते, आणि कोर्टाने 'द्या' म्हटले तरी घेणाऱ्याच्या खिशात त्या दिवशी चालू परवाना असावा लागतो. या धावपळीत २०१३ साली अण्णा गेले. २०१४ मध्ये हुकूम झाला तेव्हा बंदुकीचा धनी हयात नव्हता, आणि वारस असलेल्या माझ्याकडे परवाना नव्हता.

अशा वेळी शस्त्र कायद्याचे एकविसावे कलम उपयोगी पडते. १९५९ चा हा कायदा सांगतो की, जे हत्यार जवळ बाळगणे कायदेशीर राहिलेले नाही ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. मुदतीच्या आत परवाना मिळाला तर ठेवणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला ते परत मिळते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या कोणाला विकता येते. मुदत टळली तर ते सरकारजमा होऊ शकते. ठाण्याच्या ओलीत बंदुकीची काय दशा झाली होती ते मी पाहिलेच होते. दस्त्यावर बुरशी, नळीवर तांबूस थर. म्हणून मी पुण्यातल्या पेठेतला एक जुना शस्त्रविक्रेता गाठला. त्याने बंदूक उलटसुलट पाहिली, रजिस्टरात नोंद केली, पावती दिली आणि म्हणाला, "निर्धास्त जा, गुरुजी." मी निर्धास्त गेलो. दर विचारला नाही. पावतीवर तो लिहिलेला नाही हेही पाहिले नाही. पोरांना आयुष्यभर 'वाचून सही करा' शिकवणारा मी!

वारसाचा परवाना म्हणजे भावा-बहिणींची ना हरकत, प्रतिज्ञापत्रे, वैद्यकीय दाखला, पोलिसांचा चौकशी अहवाल आणि जिल्हाधिकारी कचेरीचे जिने. ते सारे आटोपून २०१७ च्या मे महिन्यात मी दुकानात उभा राहिलो, तेव्हा समोर बिल आले. तेहतीस महिन्यांचे भाडे दरमहा दोनशेप्रमाणे सहा हजार सहाशे. साफसफाई पंधराशे. आणि शेवटी 'सोडवणूक व कागदपत्रे' चार हजार. एकूण बारा हजार शंभर. बंदुकीचे मोल काय, म्हणून विचारले. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "दहाच्या वर कोणी देणार नाही." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

माझे डोके तापले. चोराने एकदा नेली, कोर्टकचेरीने चार वर्षे अडकवली, आणि आता हा तिसरा. बोललोही तसेच. त्याने शांतपणे मला आत नेले. लोखंडी कपाटात बंदुका ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. माझी बंदूक मी ओळखली नाही, इतकी ती लखलखत होती. त्याने तीन चिठ्ठ्या दाखवल्या. "गुरुजी, यांचे मालक देवाघरी गेले. मुलं परदेशात. पत्राला उत्तर नाही. पण मला रोज कपाट बघावं लागतं, नोंद ठेवावी लागते, तपासणीला अधिकारी आले की एकेक नंबर दाखवावा लागतो. एक जरी हलली तर माझा परवाना जाईल. यांचं भाडं मी कुणाकडे मागू?"

"म्हणजे ते माझ्या बिलात?"

तो हसला. "कुठूनतरी निघायला हवं ना."

त्या एका वाक्याने मला सगळ्या भांडणाची चावी मिळाली. कपाटाचे भाडे रास्त होते. कुलपाला, जोखमीला, रजिस्टराला पैसे पडतात; आणे पठारावरच्या त्या शेतकऱ्याच्या कडब्यासारखेच. साफसफाईचे पैसे तर आनंदाने द्यावेत असे काम त्याने केले होते. पण 'सोडवणूक' म्हणजे काय? ती कसली मेहनत? वस्तू माझी, परवाना माझा, आणि ती मला फक्त इथेच मिळणार, या माझ्या अडचणीची ती किंमत होती. त्यात परदेशी गेलेल्या पोरांचे थकलेले भाडेही मिसळलेले.

घरी आल्यावर मी एका वकील मित्राकडून पुस्तके आणून वाचली. १८७२ चा करार कायदा या बाबतीत आपल्या बाजारकऱ्यांइतकाच शहाणा आहे. हरवलेली वस्तू ज्याला सापडली त्याने ती सांभाळण्यासाठी आणि धनी शोधण्यासाठी केलेल्या खर्चाची भरपाई मिळेपर्यंत तो ती अडवून ठेवू शकतो. मात्र त्या खर्चासाठी धन्यावर दावा लावू शकत नाही. सांभाळायला दिलेल्या वस्तूवर ज्याने मेहनत किंवा कसब खर्ची घातले, त्यालाही मोबदला मिळेपर्यंत ती ठेवता येते. दोन्हीकडे मोजमाप आहे ते केलेल्या कामाचे. समोरच्याला किती निकड आहे, याचे नाही.

त्याहून मौजेचा निघाला तो १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा. गावोगावचे कोंडवाडे आता पडीक झाले, पण इंग्रजांनी त्यात एक बारीक तरतूद करून ठेवली होती. गुरांच्या दंडाचा आणि त्यांच्या चारापाण्याचा दर लिहिलेली यादी कोंडवाड्यापाशी ठळक जागी लावली पाहिजे. म्हणजे अडलेल्या शेतकऱ्याला बैल सोडवायला येण्याआधीच आकडा ठाऊक. बैलाला मिळालेली ही सोय अण्णांच्या बंदुकीला पुण्यात मिळाली नव्हती.

आपल्याकडेच हे असे, असेही नाही. अमेरिकेत बंदुका भाजीसारख्या मिळतात अशी आपली समजूत, पण तिकडेही १९६८ च्या कायद्यामुळे एका राज्यातल्या सामान्य माणसाला दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून बंदूक परस्पर घेता येत नाही. मध्ये परवानाधारक दुकानदार लागतो. त्याची फी दुकानागणिक बदलते. कॅलिफोर्नियाने मात्र दोन खासगी माणसांच्या व्यवहारात दुकानदाराच्या फीला कित्येक वर्षे दहा डॉलरची मर्यादा घातलेली होती. सरकारी शुल्क त्याहून वेगळे. दुकानदार त्यावर कुरकुरत, कारण एवढ्यात कागद भरण्याचा वेळही निघत नाही म्हणून. त्यांचेही खरेच. दर फार खाली बांधला तर उद्या कोणी ठेव घेणारच नाही, आणि मग वारसांना ठाण्यातली ओल आहेच.

खरा प्रश्न दुकानदाराच्या पलीकडचा आहे, आणि तो मला फार उशिरा सुचला. हा खर्च मुळात चोराने द्यायला हवा. आरोपीला दंड झाला तर त्यातून फिर्यादीचे नुकसान भरून देण्याचा अधिकार कोर्टाला जुन्या फौजदारी संहितेच्या ३५७ व्या कलमाने होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो ३९५ व्या कलमात आहे. पण सरकारी वकिलांपाशी पावत्या घेऊन जावे लागते, मागावे लागते. आम्ही मागितले नाही. माल मिळाला यातच अण्णांना सारे पावले होते. ज्यांचा माल चोरीला जाऊन सापडला आहे अशा वाचकांनी जाण्यायेण्याच्या भाड्यापासून ठेवीच्या पावतीपर्यंत कागद जपून ठेवावेत. आणि दुकानात हत्यार ठेवताना नंबर, अवस्था, दरमहा दर आणि साफसफाई त्यात धरली आहे की नाही, एवढे पावतीवर लिहून घ्यावे. माझ्यासारखे 'निर्धास्त' होऊ नये.

दुसऱ्या खेपेला मी कालवडीची गोष्ट दुकानदाराला सांगितली. तो मूळचा खेड्यातलाच, त्याला वैरणीचा हिशेब लगेच उमगला. चार हजारांवर त्याने काट मारली आणि नोंदी व पत्रांचे म्हणून पाचशे लिहिले. आठ हजार सहाशे मोजून मी बंदूक घेतली. तरीही ते पैसे मला जड गेले हे लपवत नाही. मास्तरकीच्या निवृत्तिवेतनात ते जड जातातच. विकून का टाकली नाही, असे धाकट्या भावाने विचारले. आई ओट्यावर बसलेली होती. तिने बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाली, "तेलाचा वास तसाच आहे रे."

२०१९ आणि २०२४ च्या निवडणुकांत ती ठाण्यात जमा करून परत आणली. माझ्याकडून पैसा घेतला नाही, पण आणल्यावर दोन्ही वेळा रविवार तिच्यातच गेला.

मध्यंतरी परवान्याच्या कामासाठी पुण्याला गेलो, तेव्हा त्या दुकानात डोकावलो. गल्ल्यामागच्या भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता. ठेवीचे दरमहा किती, साफसफाईचे किती, नोंदीचे किती. 'सोडवणूक' कुठेच नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. महिन्याचा दर पन्नास रुपयांनी वाढला होता.