पत्र्यात दडलेली नळी

धडगावला आमचूरासाठी कैरीच्या फोडी वाळताना आपण पाहतो ना? एक बाजू जास्त आकसली, की फोड वळते. क्रायसोटाइल या खनिजातही असंच काहीसं घडतं. त्याचा प्रत्येक पापुद्रा दोन थरांचा: एक सिलिकाचा, दुसरा मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा, त्यामुळे दोघे सपाट जुळत नाहीत. मग मोठा थर बाहेर ठेवून पापुद्रा वळतो आणि नॅनोमीटरमध्ये मोजावी लागणारी नळी तयार होते. अशी वक्रता येईल, हे लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्येच सांगितलं होतं.

हेच पांढरं ॲस्बेस्टॉस. घरावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ते असू शकतं. पत्रा कापला, की धागे उडतात, फुफ्फुसात रुततात. पुढे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून आपण एवढं लक्षात ठेवू: असा पत्रा कापायचा, घासायचा, फोडायचा नाही.