भेदरलेल्या लेकराला आधी काय हवे?



कारधा येथे वैनगंगेची पातळी मोजली जाते. तिथे धोक्याची खूण ठरलेली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाणी तिच्याही वर गेले आणि नदीकाठच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. पूर काही दिवसांत ओसरतो. लेकराच्या अंगात भरलेली भीती मात्र तशी ओसरतेच असे नाही.

धोका जाणवला की मेंदू शरीराला इशारा देतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनलिन व कॉर्टिसोल रक्तात येते. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, भूक पळते. ही देवाने दिलेली संरक्षणाची सोयच आहे. धोका टळला की शरीर शांत होते.

पण पुरामागून कर्ज आले, घरात दारू व भांडणे सुरू झाली, आईबाप कामासाठी महिनोन्‌महिने परगावी गेले, तर हा इशारा बंदच होत नाही. झोप मोडते, पोट दुखते, आजार वाढतात. आठवण ठेवणाऱ्या व राग आवरणाऱ्या मेंदूच्या भागांवरही परिणाम होतो. मग लेकरू धडा विसरते, मारामारी करते किंवा अगदी गप्प होते. आपण त्याला आळशी, हट्टी म्हणतो. छडी उगारली तर त्याच्या मेंदूला तो आणखी एक धोका वाटतो.

अमेरिकेतील डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, बालपणी अशी संकटे जितकी जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार व नैराश्याचा धोका जास्त. तरीही आशा आहे. एका जरी मोठ्या माणसाची सातत्याची माया मिळाली, तर लेकरू सावरू शकते.

एलीया खचून झुडपाखाली निजला, तेव्हा देवाने त्याला आधी झोप व भाकर दिली. बोलणे नंतर झाले. वसतिगृहात व संडेस्कूलमध्ये हाच क्रम ठेवू या : ठरल्या वेळी जेवण, पुरेशी झोप, रोज तोच ओळखीचा चेहरा, घरच्या बोलीत दोन शब्द, एकत्र गाणे. शिकवण त्यानंतर.

त्रास काही आठवडे टिकला तर मांत्रिकाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. लेकराला मारहाण होत असेल तर १०९८ वर कळवावे.

आपल्या प्रार्थनेत या लेकरांची आठवण असू द्या. आणि जमेल तेव्हा येऊन त्यांच्या पंगतीला बसा.