डीएनएची साक्ष : पकडणारी आणि सोडवणारीही

इंग्लंडमधील लेस्टर शहराजवळ १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून करण्यात आले. पोलिसांनी एका १७ वर्षांच्या मुलाला पकडले. त्याने दुसऱ्या खुनाची कबुली दिली, पहिला मात्र नाकारला. दोन्ही खून त्याचेच असावेत, असा पोलिसांचा कयास होता. तो पक्का करण्यासाठी त्यांनी लेस्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांची मदत घेतली. जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ‘डीएनए फिंगरप्रिंटिंग’ची पद्धत शोधून काढली होती.

निकाल अनपेक्षित निघाला. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे होते; पण तो माणूस हा मुलगा नव्हता! कबुली देऊनही तो निर्दोष ठरला. मग आसपासच्या गावांतील हजारो पुरुषांचे नमुने तपासण्यात आले. कॉलिन पिचफोर्क याने स्वतःऐवजी सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवले होते. पबमधल्या गप्पांतून ते बिंग फुटले. १९८७ मध्ये तो पकडला गेला, त्याचा डीएनए जुळला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

हे कसे शक्य होते? कोणत्याही दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखाच असतो. उरलेल्या भागात काही ठिकाणी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. ते किती वेळा येतात, हे माणसागणिक बदलते. अशा सुमारे वीस जागा एकत्र तपासल्या, की दोन व्यक्तींचा नमुना योगायोगाने जुळणे जवळपास अशक्य होते. अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा. रक्त, वीर्य, लाळ, मुळासकट केस, नखांखालची त्वचा, हाडे, दात यांतून डीएनए मिळतो. आज तर अगदी सूक्ष्म नमुनाही पुरतो.

मात्र हा पुरावा नाजूक असतो. ओल, उष्णता आणि जिवाणू त्याची नासाडी करतात. म्हणूनच घटनास्थळी पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये, फरशी पुसू नये. लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर अंघोळ करावीशी, कपडे धुवावेसे वाटणे स्वाभाविक आहे; पण शक्य असेल तर तपासणीपूर्वी ते टाळावे. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, तर कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. रुग्णालयात जितक्या लवकर जाल तितके चांगले. अंघोळ झाली असली, उशीर झाला असला, तरीही जावेच. कपड्यांवरचे डाग पुढेही उपयोगी पडू शकतात आणि उपचारांची गरज तर असतेच. सरकारी असो वा खासगी, अशा पीडितांवर तातडीने मोफत उपचार करणे प्रत्येक रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे.

तपास यंत्रणेवरही जबाबदारी वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे.

तरीही डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. जर्मनीत अनेक वर्षे पोलीस एका अज्ञात महिलेच्या मागावर होते. खुनापासून घरफोडीपर्यंत कितीतरी ठिकाणी तिचाच डीएनए सापडत होता. २००९ मध्ये उलगडा झाला. नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्यांनाच त्यांच्या पॅकिंगच्या कामातील एका महिलेचा डीएनए लागलेला होता! शिवाय एखाद्याचा डीएनए सापडला म्हणजे त्याचा त्या जागेशी वा वस्तूशी संबंध आला असू शकतो, एवढेच कळते. तो केव्हा आणि का आला, हे इतर पुराव्यांनीच ठरवावे लागते.

लेस्टरच्या त्या मुलाला सोडवले ते काळजीपूर्वक जपलेल्या नमुन्यांनी. १९८३ चा नमुना तीन वर्षांनी तपासता आला, म्हणूनच खरा गुन्हेगार सापडला. प्रयोगशाळेचे काम त्यानंतर सुरू होते. पुरावा जपण्याचे काम मात्र घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचणाऱ्या माणसापासूनच.