पगार निजामाचा, हुकूम कोठीचा

उत्तराखंडात रानीखेतला भारतीय सैन्याच्या कुमाऊं रेजिमेंटचे केंद्र आहे. या रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांत एक नाव वाचून नांदेडचा माणूस थबकतो: ‘नोव्हा’. हदगाव भागातली ती एक गढी. हिमालयातल्या पलटणीच्या मानचिन्हांत ती पोहोचली कशी, हे शोधू गेले की मराठवाड्याच्या दीडशे वर्षांच्या पारतंत्र्याची खरी रचना उलगडत जाते. या पारतंत्र्याला आपण सवयीने ‘निजामी’ म्हणतो. त्या शब्दात अर्धेच सत्य आहे.

जानेवारी १८१९. हटकर नाईकांचे पुढारी नौसाजी नाईक नोव्हाच्या गढीत होते. त्यांच्या शिबंदीत अरब शिपायांचा मोठा भरणा होता. गढीला वेढा पडला ८ जानेवारीला आणि ती पडली ३१ तारखेला. आतले बहुतेक लढवय्ये मारले गेले. मुलूख निजामाचा, बंडखोर निजामाचे आणि वेढा घालणाऱ्या फौजेचा पगारही निजामाच्या खजिन्यातून जात होता. हुकूम मात्र मेजर पिटमन या इंग्रज अधिकाऱ्याचा होता. या फौजेतल्या एका तुकडीचे नाव होते रसेल ब्रिगेड. हेन्री रसेल हा हैदराबादच्या कोठीत बसणारा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला परक्या सरकारचा वकील. त्याच्या नावाची पलटण निजामाच्या पैशावर पोसली जात होती.

हे कसे घडले ते सांगताना आपल्या बाजूचा भाग झाकून ठेवू नये. दुबळ्या शेजाऱ्याला राज्यावर बसू द्यायचे आणि त्याच्या उत्पन्नात वाटा घ्यायचा, ही कला दख्खनला इंग्रजांनी शिकवलेली नाही. १७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली. निजामाच्या मुलखात मराठ्यांचे कमाविसदार वसुलीला बसले आणि रयतेला दोन धनी झाले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख घेतला. लातूर जिल्ह्यातला उदगीरचा भुईकोट अजून उभा आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम पुन्हा हरला आणि त्याचा दिवाण ओलीस म्हणून पुण्याला नेला गेला. त्या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले होते. तरीही पुण्याच्या धाकाने निजाम अखेर त्यांच्याच दारात गेला. शेजाऱ्याला आपण इतके दाबले की त्याने दूरच्या परक्याचा हात धरला, ही बोच इतिहास वाचताना मनातून जात नाही.

सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजाम अलीने कंपनीच्या तैनाती फौजेच्या सहा पलटणी स्वीकारल्या. त्यांचा वार्षिक खर्च २४ लाख १७ हजार १०० रुपये ठरला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची त्याची स्वतःची फौज मोडून टाकण्यात आली. ऑक्टोबर १८०० च्या दुसऱ्या तहात रोख खर्चाऐवजी मुलूखच तोडून दिला गेला. म्हैसूरच्या युद्धांतून निजामाच्या वाट्याला आलेले बळ्ळारी, कडप्पा वगैरे प्रदेश कायमचे कंपनीकडे गेले. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हेही ठरले. गादी शाबूत, नाणे शाबूत, दरबाराचा थाट शाबूत. पण तलवार आणि वकिली दोन्ही गहाण.

याच तहात एक बारीक कलम होते. युद्ध झाले तर निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला पाठवायचे. युद्ध झाले तर. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसायची, असे त्यात कुठेही नव्हते. पण रसेल १८११ मध्ये रेसिडेंट झाला आणि पुढच्या काही वर्षांत ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही वेगळी फौज उभी राहिली. तहातल्या पलटणी वेगळ्या, ही वेगळी. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, औरंगाबाद, एलिचपूर अशा ठिकाणी तिच्या छावण्या बसल्या. खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला.

दरबारातून याला नकार का आला नाही? कारण दरबारातला माणूसही निवडलेला होता. १८०९ मध्ये मुनीर-उल-मुल्क नावाला दिवाण झाला. कारभारात हात घालणार नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले होते. खरी सत्ता पेशकार चंदूलालकडे होती आणि चंदूलालच्या पाठीशी रेसिडेंट होता. १८४३ पर्यंत हा माणूस कारभारावर राहिला. फौजेचा पगार थकू नये म्हणून तो कर्ज काढत राहिला. हैदराबादेतल्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीला १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलकडून निजामाला कर्ज देण्याची परवानगी मिळाली. पेढीतल्या एका भागीदाराची बायको गव्हर्नर जनरलच्या आश्रयात वाढलेली होती. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीस. रसेलनंतर आलेल्या मेटकाफने हा प्रकार उघड केला. मग पेढीचे देणे कंपनी सरकारने भागवले आणि त्याच्या बदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनी निजामाला दरवर्षी देत असलेली रक्कम कायमची बंद झाली. सावकार बदलला, ऋणको तोच राहिला.

त्याची झळ खाली कुठे लागली? तालुक्यांची वसुली सावकारांना आणि अरब जमादारांना लावून दिली गेली. ज्याने सरकारला पैसे दिले, त्याने ते रयतेकडून काढायचे. अशा वसुलीला दयामाया नसते, कारण वसूल करणाऱ्याला पुढच्या वर्षी तोच तालुका मिळेल याची खात्री नसते. पूर्वी जुलूम असह्य झाला की रयत गाव सोडून जाई, देशमुख-नाईक गढीत शिरून बंड करीत, आणि राजाला नमते घ्यावे लागे. आता राजाच्या मागे परकी फौज होती. मद्रासचा अधिकारी टॉमस मन्रो याने १८१७ मध्ये गव्हर्नर जनरलला हेच लिहिले होते: वाईट राज्यावरचा एतद्देशीय उपाय बंड हा असतो आणि तैनाती फौज तो उपायच काढून घेते. दीड वर्षाने नोव्हाला त्याचा प्रत्यय आला. माझ्या मते अप्रत्यक्ष सत्तेचा सर्वांत मोठा अपराध हाच आहे. ती राजाला प्रजेच्या भीतीतून मोकळे करते आणि शिव्या मात्र राजाच्या नावावर ठेवते.

१८५३ पर्यंत थकबाकी चाळीस लाखांच्या वर गेली. २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात निजाम नासिरुद्दौलाने तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेला. नळदुर्गला कारभारी म्हणून मेडोज टेलर आला. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. कापसाचे वऱ्हाड मात्र सुटले नाही. दिवाण सालारजंगाने १८७६ ला लंडन गाठून त्याची मागणी केली, तीही व्यर्थ गेली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या कायम पट्ट्यावर घेतले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींतून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊं झाले. नोव्हाची गढी रानीखेतला गेली ती या वाटेने.

रेसिडेंटची ही पद्धत इंग्रजांना इतकी स्वस्त पडली की १८७४ मध्ये त्यांनी ती मलायात नेली. तिथल्या सुलतानाने धर्म आणि रिवाज सोडून प्रत्येक बाबतीत रेसिडेंटचा सल्ला घ्यायचा आणि तो अमलात आणायचा, असे करारातच लिहिले.

इकडे मराठवाड्यात फौजेनंतर रेल्वे आली. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली गाडी १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली. संस्थानातल्या रेल्वेच्या जमिनीवर अधिकार इंग्रजांचा. लातूरची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८९५ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची अडीच फुटी लाइन १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूरचा माल बार्शी-कुर्डुवाडीवरून मुंबईकडे वाहू लागला. राजा हैदराबादला, बाजार मुंबईला आणि रेल्वेचे मालक लंडनला. सोलापूर-बार्शीकडचे लोक लातूरला तेव्हाही ‘मोगलाई’ म्हणत. त्या मोगलाईची गाडी कुणाची आहे, हा प्रश्न त्या शब्दात मावत नव्हता.

निजाम उस्मान अली खानाने वऱ्हाड परत मागताना बरोबरीच्या भाषेत लिहिले. तेव्हा २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय रीडिंगने झाकली मूठ उघडली. इंग्रज सत्तेचे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नाही, ते तहांच्या पलीकडे स्वतंत्रपणे आहे, असा त्याचा निर्वाळा होता. सव्वाशे वर्षे ज्या तहांच्या आधारे वसुली झाली, ते तह एका पत्रात दुय्यम झाले.

इंग्रजी श्रेष्ठत्वाची ही छत्री १५ ऑगस्ट १९४७ ला मिटली. परक्या फौजेच्या आडोशाने प्रजेची संमती न घेता चाललेल्या राज्याला प्रजेशी बोलण्याची सवयच उरली नव्हती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस लढत होती. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या होता. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि तो पैसा लढ्याला लागला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि वऱ्हाड एकशे तीन वर्षांनी पुन्हा एका राज्यात आले. पैनगंगेच्या अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड. सोयरिकी दोन्ही काठांवर होत आल्या. पण कागद वेगळे झाले होते: पलीकडे इंग्रजी अमलातली दप्तरे, अलीकडे निजामाची उर्दू. पलीकडच्या सोयऱ्याच्या दाखल्यावर ‘कुणबी’ आणि अलीकडच्याच्या दाखल्यावर ‘मराठा’, असे का, हा प्रश्न मराठवाड्यातली तरुण मुले आज सरकारला विचारतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकालीन नोंदी तपासायला बसवावे लागले, आणि त्या नोंदींचा माग थेट हैदराबादपर्यंत गेला.