सहकाऱ्याची दादागिरी : गप्प बसू नका

सकाळी डबा भरतानाच तिच्या पोटात गोळा येतो. काम जड आहे म्हणून नव्हे, तर शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यामुळे. चारचौघांत टोमणे मारणे, फाइल मुद्दाम अडवून ठेवणे, स्वतःची चूक तिच्या माथी मारणे, हा त्याचा रोजचा खेळ. घरी सांगितले तर उत्तर ठरलेले, “दुर्लक्ष कर, नोकरी म्हटली की असे चालायचेच.”

पण दुर्लक्ष केल्याने दादागिरी थांबत नाही, उलट वाढते.

आधी फरक ओळखा

कडक माणूस आणि त्रास देणारा माणूस यांत फरक आहे. कडक माणूस चुकीवर बोलतो आणि चूक सुधारली की विषय संपवतो. दादागिरी करणारा मात्र माणसावर बोलतो आणि काम चोख झाले तरी थांबत नाही. त्याची सारी भिस्त समोरच्याच्या एकटेपणावर असते.

तंजावरचा धडा

एकट्या पडलेल्याला कोणाची तरी साथ किती मोलाची असते, हे तंजावरच्या मराठी राजघराण्यात दिसले होते. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले, तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. गादीवर आलेल्या अमरसिंगांनी या मुलाला जवळजवळ कैदेत ठेवले, धड शिकूही दिले नाही. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने हे पाहिले आणि मद्रासच्या इंग्रज सरकारकडे तक्रार केली. १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवण्यात आले, त्याच्या शिक्षणाची सोय झाली. १७९८ मध्ये तोच सरफोजी तंजावरचा राजा झाला. यात इंग्रजांचे राजकारण होतेच, पण पाहणाऱ्याने तोंड उघडले नसते तर मुलगा तसाच कोंडलेला राहिला असता.

तुम्ही काय कराल?

शांतपणे, पण तिथल्या तिथे बोला. “काम चुकले असेल तर दाखवा, मी दुरुस्त करीन. पण सर्वांदेखत असे बोलू नका.” एवढे एक वाक्य पुरे. आवाज चढवू नका, रडू नका.

एक वही घाला. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावे लिहा. वही घरी ठेवा.

एका विश्वासू सहकाऱ्याला सांगा. ज्याने प्रकार पाहिला आहे, तोच पुढे साक्षीदार होऊ शकतो.

वरिष्ठांकडे जाताना “तो माणूसच वाईट आहे” असे म्हणू नका. “या तीन तारखांना असे घडले आणि त्यामुळे हे काम अडले,” असे लेखी द्या आणि प्रत जवळ ठेवा.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ चा कायदा स्त्रियांच्या पाठीशी आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रिया जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकतात. लेखी तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. कार्यालयातल्या इतर दादागिरीसाठी आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच वहीतल्या नोंदींचे मोल अधिक.

आणि नंतर?

सासूने छळलेली सून पुढे स्वतः सासू झाली की तशीच वागते, असे आपण अनेक घरांत पाहतो. कार्यालयातही तेच होते. सरफोजींनी मात्र वेगळे केले. तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडु इथे त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. तिथे वाटसरूंना जेवण मिळे आणि मुलांना शिक्षण. ज्याला लहानपणी शिकू दिले नव्हते, त्यानेच दुसऱ्यांच्या मुलांची सोय केली.

तुमच्या कार्यालयात उद्या कोणी नवीन रुजू होईल. तिच्यावर कोणी डाफरू लागले, तर मान खाली घालून टाइप करीत बसू नका. तिच्या बाजूने पहिला शब्द तुम्ही बोला.